थीब्जचे सात दरवाजे: ग्रीक शोकांतिकेतला हरलेला वेढा पहिल्यांदा वाचताना

ट्रॉयचा वेढा बहुतेकांना ऐकून तरी माहीत असतो. दहा वर्षं, हेलन, लाकडी घोडा. त्याच्या आदल्या पिढीत ग्रीकांच्या आठवणीत आणखी एक मोठा वेढा होता, थीब्ज नगराचा. वीरांची पिढी कुठे कुठे खपली हे सांगताना हेसिअड हा जुना कवी दोनच ठिकाणं घेतो: ईडिपसच्या कळपांसाठी सात दरवाज्यांच्या थीब्जपाशी, आणि हेलनसाठी ट्रॉयपाशी. फरक एवढाच की ट्रॉय पडलं आणि थीब्ज टिकलं. वेढा घालायला आलेलेच संपले. सात सेनापती आले, त्यांतला एक जिवंत परतला.

ही गोष्ट नव्याने वाचणारा माणूस दोन ठिकाणी अडतो. एक, नावांचा गुंता. दोन, ‘पुढे काय होणार’ या उत्सुकतेने वाचायला जातो आणि मग कंटाळतो, कारण ही नाटकं पुढे काय होणार हे पहिल्याच पानांत सांगून मोकळी होतात. अथेन्सच्या प्रेक्षकाला शेवट लहानपणापासून ठाऊक होता. म्हणून पाहायचं ते वेगळंच: परतीचा रस्ता कुठे कुठे उघडा होता, आणि त्या त्या माणसाने तो काय बोलून बंद केला. ही एकच गोष्ट धरून वाचलंत तर चार-पाच नाटकांतून वाट सापडते. पुढच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्या आहेत.

पहिली पायरी: घराणं कागदावर काढा

खरंच कागद घ्या. वर कॅडमस. हा फिनिशियाहून आला, अरीस या युद्धदेवाचा सर्प मारून त्याने त्याचे दात जमिनीत पेरले, त्यातून सशस्त्र माणसं उगवली आणि आपसात लढून मेली. पाच उरली. थीब्जची जुनी घराणी स्वतःला या पाचांची वंशज समजत. म्हणजे नगराचा पायाच भावाभावांच्या कत्तलीवर, हे लक्षात असू द्या, युरिपिडीस हा नाटककार ते पुढे वापरणार आहे.

कॅडमसच्या वंशात पुढे लेअस. नाटककार एस्किलसच्या सांगण्यानुसार अपोलो देवाने त्याला तीनदा बजावलं होतं की मूल होऊ देऊ नकोस, तरच नगर वाचेल. त्याने ऐकलं नाही. मुलगा झाला तो ईडिपस. बापाला न ओळखता मारून आईशी, जोकास्टाशी, लग्न करणारा. त्याची चार मुलं: एटिओक्लीस, पॉलिनाइसीस, अँटिगनी, इस्मिनी. जोकास्टाचा भाऊ क्रिऑन. ईडिपसची कथा अजिबात माहीत नसेल तर आधी सोफोक्लीसचं नाटक वाचून घ्या. पु. ल. देशपांडे यांनी ते ‘राजा ओयदिपौस’ नावाने मराठीत आणलं आहे. नावांची वळणं पुस्तकागणिक बदलतात, त्यात अडकू नका.

आता शाप. ईडिपसने आपल्याच मुलांना शाप दिला: बापाची मालमत्ता तुम्ही तलवारीने वाटून घ्याल. का दिला? एक जुनं, आज तुकड्यांतच उरलेलं महाकाव्य सांगतं की पॉलिनाइसीसने आंधळ्या बापापुढे कॅडमसचं रुपेरी मेज आणि सोन्याचा पेला मांडला. ही लेअसची ठेव होती, आणि ती पुढ्यात येताच ईडिपसला ती जखमेवर मीठ चोळल्यासारखी वाटली. दुसऱ्या एका तुकड्यात मुलांनी मांसाचा मानाचा वाटा न पाठवता मांडीचा तुकडा पाठवला, एवढ्यावरून शाप सुटतो. जेवणाच्या पानावरून घर फुटणं आपल्याकडे कुणाला परकं वाटू नये.

इथेच एक इशारा. भाऊबंदकी, राज्याची वाटणी, बाहेरून आणलेलं सैन्य हे सगळं पाहून मराठी वाचक लगेच महाभारत लावायला जातो. लावा, पण दुर्योधन कोण हे ठरवण्याची घाई करू नका. एका नाटकात ज्याला धर्मराज समजाल तो दुसऱ्यात सुईच्या अग्राएवढी जमीन न देणारा निघेल. आणि कृष्ण कुणाच्याच बाजूला नाही.

दुसरी पायरी: वेढ्याआधीची गोष्ट, थोडक्यात

भावांनी आळीपाळीने एकेक वर्ष राज्य करायचं ठरलं, एटिओक्लीसने आपलं वर्ष संपल्यावर गादी सोडली नाही, अशी लोकप्रिय कथा आहे. पॉलिनाइसीस आर्गॉसला गेला. तिथे राजा अॅड्रास्टसला देववाणी झाली होती की मुली सिंहाला आणि रानडुकराला दे. राजवाड्याच्या दारात पॉलिनाइसीस आणि कॅलिडॉनहून हद्दपार झालेला टायडिअस यांची रात्री जुंपली, आणि राजाला त्यांच्यात ते दोन प्राणी दिसले. दोघे जावई झाले. सासऱ्याने दोघांनाही आपापलं राज्य मिळवून देण्याचं कबूल केलं. आधी थीब्ज.

परतीचा पहिला रस्ता इथे आहे. अॅड्रास्टसचा मेहुणा अँफिअराऊस हा द्रष्टा होता. मोहिमेत अॅड्रास्टस सोडून सगळे मरणार, हे त्याला दिसत होतं, आणि त्याने साफ नकार दिला. पण दोघा मेहुण्यांचं पूर्वी भांडण झालं होतं, तेव्हा ठरलं होतं की यापुढे वाद झाला तर एरिफिली, म्हणजे अँफिअराऊसची बायको आणि अॅड्रास्टसची बहीण, सांगेल ते अखेरचं. पॉलिनाइसीसने तिला हार्मोनियाचा, म्हणजे कॅडमसच्या बायकोचा, कंठा दिला. देवांच्या लोहाराने घडवलेला, घराण्यात पिढीजात चालत आलेला. तिने निकाल दिला: जा.

हा क्षण करिंथच्या एका मोठ्या मद्यपात्रावर रंगवलेला होता, इ. स. पू. सहाव्या शतकातला. ते पात्र बर्लिनमध्ये होतं, दुसऱ्या महायुद्धात हरवलं, पण त्याची जुनी चित्रं उपलब्ध आहेत आणि ती पाहाच. अँफिअराऊसचा एक पाय रथात आहे, हातात उपसलेली तलवार, मान मागे वळलेली. मागे घरची माणसं हात पुढे करून उभी. त्या घोळक्याच्या शेवटी एरिफिली, आणि तिच्या हातात तो कंठा, डोळ्यांत भरेल एवढा मोठा काढलेला. दुसऱ्या टोकाला एक म्हातारा जमिनीवर बसलाय, हात कपाळाला लावून. त्याला कळलंय. पुढे काय हे रथात चढणाऱ्यालाही कळलंय, म्हणून तर त्याने मुलाला, अल्कमिऑनला, बदला घ्यायला सांगून ठेवलं आहे.

वाटेत नेमिआला अपशकुन झाला. पाणी दाखवायला गेलेल्या दाईने खाली ठेवलेलं राजाचं तान्हं मूल साप चावून मेलं. अँफिअराऊसने त्या मुलाला ‘मृत्यूची सुरुवात’ अशा अर्थाचं नाव दिलं. सैन्याने त्याच्या स्मरणार्थ खेळ भरवले, नेमिअन खेळांची कुळकथा ती हीच, आणि सैन्य पुढे चालू लागलं. विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती ही. थीब्जजवळ आल्यावर टायडिअस वकिलीला गेला, परतताना पन्नास जणांनी दबा धरला, त्याने एकाला सोडून सगळे मारले. तोही रस्ता गेला.

तिसरी पायरी: एस्किलसचं ‘थीब्जवर सात जण’ वाचा, आणि ढालींपाशी थांबा

इ. स. पू. ४६७ मध्ये हे नाटक अथेन्सच्या स्पर्धेत पहिलं आलं. ते एकटं नव्हतं. आधी ‘लेअस’, मग ‘ईडिपस’, मग हे, आणि शेवटी ‘स्फिंक्स’ हे हलकंफुलकं नाटक, असा चौघांचा संच होता. बाकीची तीन हरवली. आपण तिसऱ्या भागातून आत शिरतो, म्हणून पहिल्या पायरीचा कागद जवळ हवा.

नाटक १०७८ ओळींचं, एका बैठकीत होतं. भाषांतर घेताना समासात ओळींचे आकडे असलेलं घ्या. हे आकडे जवळपास सगळ्या आवृत्त्यांत सारखे असतात, त्यामुळे दोन भाषांतरं शेजारी ठेवून पाहता येतात. आणि मोठ्याने वाचा. दोघं-तिघं असाल तर उत्तम: एक एटिओक्लीस, एक हेर, बाकी सगळे मिळून स्त्रियांचा वृंद.

सगळं नाटक तटाच्या आत घडतं. आर्गॉसचा एकही सैनिक रंगमंचावर येत नाही. शत्रू आहे तो फक्त आवाजात आणि हेराच्या बोलण्यात. सुरुवातीलाच हेर सांगतो: सातही सेनापतींनी काळ्या ढालीत बैलाचं रक्त धरलं, त्यात हात बुडवले आणि शपथ घेतली, एक तर नगर उद्ध्वस्त करू, नाही तर या मातीत रक्त सांडू. मग त्यांनी घरी आईबापांकडे पाठवायच्या आठवणीच्या वस्तू अॅड्रास्टसच्या रथाला बांधल्या. डोळ्यांत पाणी होतं, तोंडात दयेचा शब्द नव्हता. अॅड्रास्टसचाच रथ का, हे दुसरी पायरी वाचलेल्याला सांगायला नको.

मग स्त्रियांचा वृंद धावत येतो. धूळ, घोड्यांच्या टापा, रथांच्या आसांची करकर, दगडांचा मारा, सगळं त्यांच्या तोंडून ऐकू येतं. त्या देवांच्या मूर्तींना मिठ्या मारतात. एटिओक्लीस त्यांच्यावर भयंकर भडकतो. बायकांबरोबर राहणंच नको, सुखात नको आणि दुःखातही नको, असं म्हणतो. वाचताना त्याचा राग येतो, यावा. पण अथेन्सचा प्रेक्षक आठवा: इ. स. पू. ४८० मध्ये पर्शियनांनी त्यांचं नगर जाळलं होतं, तेरा वर्षांपूर्वी. एस्किलस त्या युद्धात लढलेला. आर्गॉसचे लोक ग्रीकच, तरी वृंद त्यांना परभाषी सैन्य म्हणतो. हा आक्रोश प्रेक्षागृहातल्या कित्येकांनी घरच्या माणसांच्या तोंडून ऐकला असणार.

आता मुख्य भाग, साधारण ओळ ३७५ ते ६७६. हेर एकेका दरवाज्यावरचा शत्रू सांगतो, त्याच्या ढालीवरचं चित्र वर्णन करतो, एटिओक्लीस त्याच्यासमोर आपला माणूस उभा करतो आणि ते चित्र त्याच्यावरच उलटवतो. सात वेळा. नवख्याला ही यादी वाटते आणि तो पानं उलटतो. इथेच नाटक आहे. परत कागद घ्या, सात रकाने करा, आणि भरत जा.

पहिल्या दरवाज्यावर टायडिअस. ढालीला घंटा, वर रात्रीचं आकाश, चांदण्या आणि मधोमध पूर्ण चंद्र. एटिओक्लीस म्हणतो, ती रात्र त्याच्याच डोळ्यांवर उतरो, आणि मेलानिपसला पाठवतो. दुसऱ्यावर कॅपानिअस: हातात मशाल घेतलेला नागडा माणूस, सोन्याची अक्षरं, ‘नगर जाळीन’. देवांचा राजा झ्यूस याने नको म्हटलं तरी जाळीन, असं तो म्हणतो. समोर पॉलिफाँटस. तिसऱ्यावर एटिओक्लस. हा वेगळा माणूस, नावाच्या साम्याने घोटाळू नका. त्याच्या ढालीवर शिडी चढणारा सैनिक आणि ‘अरीससुद्धा मला तटावरून ढकलू शकणार नाही’ हे शब्द. समोर क्रिऑनचा मुलगा मेगारिअस. चौथ्यावर हिपोमेडॉन, ढालीवर धूर ओकणारा टायफॉन राक्षस. त्याच्यासमोर हायपर्बिअस, ज्याच्या ढालीवर झ्यूस आहे; झ्यूसने टायफॉनला हरवलं होतं, म्हणजे माणसं भिडण्याआधी ढालींचा निकाल लागला. पाचव्यावर पार्थेनोपिअस, नुकतंच मिसरूड फुटू लागलेला देखणा पोरगा, आणि त्याच्या ढालीवर स्फिंक्स, थीब्जला पूर्वी छळलेली राक्षसी, पंजाखाली एक थीब्जकर धरलेला. हा सर्वांत विषारी: थीब्जचे बाण थीब्जच्याच माणसावर पडावेत अशी योजना. समोर आक्टर.

पाच झाल्यावर वाचकाला लय सापडलेली असते. बढाई, चित्र, उलटा डाव. सहाव्यावर एस्किलस ती मोडतो. अँफिअराऊसच्या ढालीवर काहीच नाही. त्याला श्रेष्ठ दिसायचं नाही, असायचं आहे, असं हेर म्हणतो. तो थीब्जला शिव्या देत नाही, आपल्याच बाजूच्या टायडिअसला आणि पॉलिनाइसीसला देतो: बापाच्या गावावर परकं सैन्य आणणं हे कोणत्या देवाला आवडेल? या मातीत पुरला जाऊन मी तिला संपन्न करीन, म्हणतो. एटिओक्लीसकडे उलटवायला चित्रच नाही. तो पहिल्यांदा शत्रूबद्दल हळहळतो. (चरित्रकार प्लूटार्क सांगतो की या ओळींना सगळं प्रेक्षागृह न्यायी म्हणून नावाजलेल्या अॅरिस्टायडीसकडे वळून पाहू लागलं.) समोर लास्थेनीस जातो.

आणि सातवा. एटिओक्लीसने मघाशीच सांगून टाकलं होतं की सहा माणसं आणि सातवा मी स्वतः. आता आपला रकाना पाहा: सहा माणसं लागली, एक दरवाजा उरला, एक माणूस उरला. हेर म्हणतो, सातव्यावर तुझा भाऊ. त्याच्या ढालीवर न्यायदेवता सोन्याच्या योद्ध्याला हाताला धरून घरी आणते आहे. म्हणजे त्यालाही वाटतंय की न्याय आपल्या बाजूला आहे. एटिओक्लीसने दरवाजे आधीच वाटले होते की ऐकता ऐकता वाटतोय, यावर अभ्यासकांचा काथ्याकूट चालू आहे; त्याच्या बोलण्यातले काळ बदलत राहतात. माझं मत विचाराल तर दुसरं वाचन रंगमंचावर जास्त चढतं: प्रत्येक चांगला निर्णय त्याला भावाच्या एक पाऊल जवळ नेतो. सहाही नेमणुका बिनचूक आहेत, हेच वाईट.

आता भूमिका फिरतात. मघाशी ज्या बायकांना तो गप्प बसवत होता त्याच त्याला शांतपणे समजावतात: शत्रूचं रक्त धुऊन निघतं, भावाचं निघत नाही, जाऊ नकोस, दुसऱ्याला पाठव, तुला कुणी भ्याड म्हणणार नाही. रस्ता सताड उघडा आहे. तो म्हणतो, देवांनी दिलेलं संकट टाळता येत नाही, आणि जातो. मग वृंद गातो की लोखंड हा परमुलखातून आलेला कठोर वाटणीदार आहे. तो चिठ्ठ्या टाकून जमीन वाटतो, आणि प्रत्येकाला तेवढीच देतो जेवढी मेल्यावर अंगाखाली लागते. हे गीत दोनदा वाचा. थोड्याच वेळात दूत येतो: सहा दरवाजे राहिले, नगर वाचलं, सातव्यावर दोघेही मेले.

शेवटच्या सत्तरेक ओळींत, १००५ पासून, अँटिगनी आणि पॉलिनाइसीसला पुरण्याची मनाई येते. सोफोक्लीसचं ‘अँटिगनी’ गाजल्यावर कुणीतरी त्या जोडल्या, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मी १००४ ला थांबायला सांगेन. पुढचं नंतर कुतूहल म्हणून पाहा.

चौथी पायरी: लगेच युरिपिडीसचं ‘फिनिशियन स्त्रिया’

मध्ये आठवड्याचं अंतर पडू देऊ नका, एस्किलस ताजा असतानाच हे वाचायचं. साठेक वर्षांनंतरचं, इ. स. पू. ४१० च्या आसपासचं नाटक. अथेन्स तेव्हा स्पार्टाविरुद्धच्या पेलोपोनेशियन युद्धात थकलं होतं, आणि इथे कुणालाच वीर म्हणवत नाही.

युरिपिडीसने जोकास्टाला जिवंत ठेवलंय. ती तह ठरवून दोन्ही मुलांना समोरासमोर आणते. पॉलिनाइसीसला ती विचारते, परागंदा होण्यात सर्वांत वाईट काय? तो म्हणतो, मोकळेपणी बोलता येत नाही. एटिओक्लीस तर उघडच सांगतो की सत्ता ही सर्वांत थोर देवता आहे, तिच्यासाठी मी ताऱ्यांच्या उगमापर्यंत जाईन, जमिनीखाली जाईन. इथे वचन मोडणारा तोच आहे, एस्किलसने या बाबतीत मौन पाळलं होतं. आई उत्तर देते: रात्र आणि सूर्य वर्ष सारखं वाटून घेतात, दोघांपैकी कुणालाही हरल्याचा मत्सर नाही; तुला घराचा निम्मा वाटा जड जातो? दोघेही ऐकत नाहीत. शेवटी ‘तू कुठल्या दरवाज्यावर असशील’ हे ते एकमेकांना विचारून ठेवतात, ठार मारायला सोपं जावं म्हणून. नियती वगैरे काही नाही, ठरवून.

ढालींच्या दृश्याला युरिपिडीस चिमटाही काढतो. दरवाज्यांची वेळ येते तेव्हा एटिओक्लीस म्हणतो, शत्रू तटाखाली बसला असताना प्रत्येकाचं नाव सांगत बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय. एस्किलस वाचलेला असेल तर इथे हसू येणारच. (यादी नंतर दूताच्या तोंडी येतेच, थोडी बदलून: एटिओक्लस गळाला, अॅड्रास्टस आला. सातांची नावं ग्रंथागणिक बदलतात, त्यात ‘खरी’ यादी शोधू नका.)

क्रिऑनचा मुलगा मिनिशिअस इथे नवा आहे. टायरिसिअस हा आंधळा द्रष्टा सांगतो की अरीसला सर्पाच्या खुनाची भरपाई हवी, पेरलेल्या वंशातलं रक्त. बाप मुलाला पळून जायला पैसे देतो, मुलगा हो म्हणतो, बाप वळताच बुरुजावर जाऊन गळा चिरून घेतो. एकमेव माणूस, ज्याला परतीचा रस्ता हातात दिला होता आणि ज्याने दुसऱ्यांसाठी तो नाकारला. त्याच्याबद्दल पुढे फारसं कुणी बोलत नाही.

द्वंद्वाच्या शेवटी पॉलिनाइसीस पडतो, एटिओक्लीस त्याची शस्त्रं काढायला वाकतो आणि पडलेला भाऊ शेवटच्या बळाने त्याच्या पोटात तलवार खुपसतो. आई धावत येते. एटिओक्लीसला बोलता येत नाही, तो फक्त पाहतो. पॉलिनाइसीस म्हणतो की मला भावाचीही कीव येते. आपला होता, वैरी झाला, तरी आपलाच होता. जोकास्टा तीच तलवार उचलते.

पाचवी पायरी: उरलेली तीन, हव्या त्या क्रमाने

सोफोक्लीसचं ‘अँटिगनी’ तुम्ही कदाचित पाहिलं-वाचलं असेल. या वेळी फक्त वृंदाचं पहिलं गीत पुन्हा वाचा: वेढ्यानंतरची पहाट, सूर्याचा किरण सात दरवाज्यांवर, मशाल घेऊन तटावर चढलेल्या एकाला झ्यूसने विजेने पाडलं. नाव घेतलेलं नाही, पण तुमच्या रकान्यात ते आहे. त्या उजेडात क्रिऑनची मनाई वेगळी ऐकू येते. तो रात्रभर वेढ्यात असलेल्या गावाशी बोलतोय.

‘कोलोनसमधला ईडिपस’ हे सोफोक्लीसचं शेवटचं नाटक, त्याच्या मृत्यूनंतर इ. स. पू. ४०१ मध्ये रंगमंचावर आलं. पॉलिनाइसीस मोहिमेआधी बापाकडे आशीर्वादाला येतो आणि शाप घेऊन जातो. अँटिगनी विनवते, सैन्य माघारी ने. तो म्हणतो, एकदा पळालो तर हेच सैन्य पुन्हा कसं गोळा करू? मग माणसं तुझ्यामागे येतील तरी का, ती विचारते. तो म्हणतो, मी त्यांना हे सांगणारच नाही. चांगला सेनापती चांगलं तेवढं सांगतो. सगळ्या साहित्यातलं मला सर्वांत आजचं वाटणारं वाक्य हे आहे.

युरिपिडीसचं ‘याचक स्त्रिया’ मेलेल्यांच्या आयांचं आहे. थीब्ज प्रेतं परत देत नाही, त्या अथेन्सच्या थीसिअस राजाकडे येतात. थीसिअस अॅड्रास्टसला हेही विचारतो: द्रष्ट्याला विचारलं होतंस का? विचारलं होतं, ऐकलं नाही. तरुणांच्या गलक्यापुढे मी नमलो. इ. स. पू. ४२४ मध्ये डेलिअमच्या लढाईनंतर बिओशियन, म्हणजे थीब्जच्या प्रदेशातल्या, सैन्याने अथेन्सची प्रेतं खरोखरच अडवून धरली होती, आणि नाटक साधारण त्याच सुमाराचं मानतात. यातच कॅपानिअसची बायको इव्हॅडनी त्याच्या चितेत उडी घेते, नटूनथटून, खाली म्हातारा बाप आकांत करत असताना. आपल्या डोळ्यांपुढे सती येते, पण तिथे ही प्रथा नव्हती; बापाला आधी ती काय बोलतेय हेच उमगत नाही.

रोमन कवी स्टेशिअसचं बारा सर्गांचं लॅटिन महाकाव्य नंतर, खूप नंतर. ते रक्ताने निथळतं. मरणारा टायडिअस मेलानिपसचं डोकं मागवून त्याचा मेंदू कुरतडतो, अमरत्व घेऊन आलेली अथीना देवी ते पाहून पाठ फिरवते. हाच प्रसंग पिर्गीच्या एट्रुस्कन मंदिरावरच्या भाजक्या मातीच्या शिल्पात आहे, रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात. कविता पेलवत नसेल तर शिल्पाचं छायाचित्र पाहा, तेवढं पुरे.

प्रत्यक्ष जायचं असेल तर

इजिप्तचं थीब्ज वेगळं, तिकिटाआधी खात्री करा. हे ग्रीसमधलं, आजचं थीवा, अथेन्सच्या वायव्येला. नगर जुन्या गढीच्याच टेकडीवर वसलेलं असल्यामुळे अवशेष घरांच्या मधे मधे सापडतात. सात दरवाज्यांपैकी एलेक्ट्रा दरवाज्याच्या गोल बुरुजांचे पाये पाहता येतात. एस्किलसमध्ये कॅपानिअस इथेच होता. संग्रहालय चुकवू नका: मायसिनी काळातल्या राजवाड्यातून निघालेल्या लाजवर्दी दगडाच्या पौर्वात्य मुद्रा तिथे आहेत.

वेळ असेल तर ओरोपोसजवळचं अँफिअराऊसचं देवस्थान करा. माघारीच्या पळापळीत झ्यूसने वीज टाकून जमीन दुभंगवली आणि त्याला रथासकट पोटात घेतलं. पुढे लोक तिथे मेंढ्याच्या कातड्यावर झोपून स्वप्नात त्याचा सल्ला मागत. जिवंतपणी मोहिमेतल्या कुणी त्याचं ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर होमरच्या इलियडचं, ट्रॉयच्या युद्धाच्या महाकाव्याचं, चौथं पर्व उघडा. दहा वर्षांनी या सातांच्या मुलांनी थीब्ज जिंकलं, आणि त्यांतले दोघे, टायडिअसचा डायोमीडीस आणि कॅपानिअसचा स्थेनेलस, आता ट्रॉयसमोर उभे आहेत. ग्रीकांचा सरसेनापती अॅगमेम्नॉन डायोमीडीसला सुनावतो की तुझा बाप तुझ्यापेक्षा लढवय्या होता. स्थेनेलस तडकतो: बापांशी तुलना नको, ते आपल्याच मूर्खपणाने मेले, सात दरवाज्यांचं थीब्ज आम्ही घेतलं. डायोमीडीस त्याला गप्प राहायला सांगतो आणि रथातून उतरतो. पुढचा वेढा तिथून वाचायला घ्या.